पहिला पेशंट कुणाचा?

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरचे ज्येष्ठ सहकारी, महाविद्यालयांतून आलेले प्राध्यापक आणि मागच्या चार रांगा हक्कानं पकडून बसलेले इंटर्न मित्रमैत्रिणींनो,

स्वागताध्यक्षानं गावाचं कौतुक करावं, जेवणाची वेळ सांगावी आणि खाली बसावं, अशी रीत आहे. जेवण एक वाजता आहे, चारच्या चहाबरोबर भडंग आहे. आता गावाविषयी.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं, मिरजेत, मिशन हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेची गाडी पकडायची, हे कोकणापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या घरांना ठाऊक आहे. आजही इथल्या कुठल्याही ओपीडीत तासभर बसा. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही कानांवर पडतील. ‘कुठं दुखतंय’ हे कन्नडमध्ये विचारता येत नसेल, तर इथल्या फिजिओचं निम्मं काम अडतं. ते आमच्यापैकी प्रत्येक जण नोकरीला लागल्यावर शिकला, बहुतेकदा वॉर्डातल्या मावशींकडून.

या परिषदेचा विषय आहे फिजिओथेरपीच्या नव्या पदवीधराला व्यवसायासाठी तयार करणं. आपल्या व्यवसायाची या देशातली सुरुवातच शिकवण्याच्या निकडीतून झाली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली, लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करणारे हात कमी होते, म्हणून 1953 मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. काम मात्र आटलं नाही. लकवा, मधुमेहानं आखडलेले खांदे, महामार्गावर मोडलेली हाडं, बदललेले गुडघे. पोलिओची जागा यांनी केव्हाच घेतली होती.

आता मुद्द्यावर येते. आपला पदवीधर हुशार असतो. स्नायूचं उगमस्थान आणि मज्जातंतूचा मार्ग झोपेत विचारला तरी सांगतो. पण समोर बाई येऊन बसते आणि विचारते, ‘किती सिटिंग लागतील?’ तिथं त्याची जीभ अडखळते. याचं कारण इंटर्नशिपमध्ये आहे, आणि ती आपण चालवतो. सकाळी इंटर्न येतो, त्याच्या हातात यादी पडते: तिसऱ्या बेडला आयएफटीचे विद्युत उपचार, पाचव्याला ट्रॅक्शन, सातव्याला शेक. तपासणी ज्येष्ठांनी केलेली, उपचार ज्येष्ठांनी ठरवलेले, कधी थांबायचं तेही तेच ठरवणार. इंटर्ननं मशीन लावायचं, घंटी वाजली की काढायचं. सहा महिन्यांनी त्याला प्रमाणपत्र मिळतं, फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडं नोंदणी होते, आणि कायद्यानं तो स्वतंत्रपणे पेशंट पाहायला मोकळा होतो. एकही पेशंट त्यानं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत स्वतः सांभाळलेला नसतो.

मला या दोन दिवसांत एकाच गोष्टीचा निर्णय झालेला हवा आहे. प्रत्येक इंटर्नला काही पेशंट त्याचे स्वतःचे म्हणून मिळाले पाहिजेत. तपासणी त्याची, नोंद त्याची, उपचार काय करायचे हा निर्णय त्याचा, आणि पेशंटला ‘आता यायची गरज नाही’ असं सांगणंही त्याचंच. ज्येष्ठानं शेजारी बसावं. चूक घडायच्या आत थांबवावं, पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये. यात वेळ जातो, हे खरं. दवाखान्यात रांग लागलेली असताना इंटर्नच्या अर्ध्या तासाच्या तपासणीकडं शांतपणे पाहत बसणं सोपं नाही. पण इंटर्न म्हणजे बिनपगारी हात, ही समजूत ज्या विभागात आहे, तिथं शिक्षण होत नाही एवढं तरी आपण आपसांत मान्य करू.

या भागातली उदाहरणं देते, कारण पुस्तकातला पेशंट आणि मिरजेतला पेशंट यांत फरक आहे. इथल्या तंतुवाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. सतार घडवणारा कारागीर मांडी घालून, मान खाली घालून, वाद्य पायांत धरून दिवसभर बसतो. मान आणि कंबर धरली की आपल्याकडं येतो. नवा पदवीधर त्याला छापील कागद देतो: जमिनीवर बसू नका, वाकू नका. कारागीर कागदाची नीट घडी करून खिशात ठेवतो आणि परत येत नाही. कसा येईल? जमिनीवर बसणं हेच त्याचं पोट आहे. बैठकीखाली किती उंचीचं आसन दिलं तर मान कमी वाकेल, तासाभरानं उठून कोणते दोन व्यायाम करायचे, कुठलं काम ओट्यावर ठेवून करता येईल, हे ठरवायला त्याच्या कारखान्यात जाऊन दहा मिनिटं उभं राहावं लागतं. या गोष्टीला गुण नसतात, म्हणून ती आपण शिकवत नाही.

दुसरं उदाहरण गुडघ्याचं. केस पेपरवर लिहिलेलं असतं, गुडघा 110 अंश वाकतो. छान. आजींना एसटीच्या पहिल्या पायरीवर चढता येतं का? नातीच्या लग्नात खुर्ची मिळेपर्यंत उभं राहता येतं का? घरातला संडास कसला आहे? सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर धरायला आपण शिकवतो आणि परीक्षेत त्याचे गुण देतो. हे प्रश्न विचारायचं मात्र विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडतो.

आणि ऊसतोड. गळीत हंगामात मराठवाड्यातून आलेली बाई डोक्यावरून मोळ्या वाहते, कंबर धरते, उचल घेतलेली असते म्हणून थांबू शकत नाही. ती तुमच्याकडं एकदा येईल, फार तर दोनदा. मग टोळी पुढच्या फडावर जाते. ‘रोज या, दहा दिवस’ हा सल्ला तिच्यासाठी नाहीच. त्या एका भेटीत काय शिकवायचं, तेही टायर बैलगाडीच्या सावलीत करता येईल असं, हे ठरवायला जेवढी अक्कल लागते तेवढी कुठलंही नवं यंत्र वापरायला लागत नाही. बाहेर यंत्रांचे स्टॉल आहेत, ते जरूर पाहा. त्यांनी आपल्या मंडपाचा खर्च उचलला आहे.

थोडं धोक्याच्या खुणांविषयी. कंबरदुखीच्या पेशंटला लघवीवर ताबा राहत नसेल, जांघेत बधिरपणा असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी शल्यविशारदाकडं पाठवायचं असतं. शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला सूज आली, ती गरम आणि दुखरी असली, तर मालीश तर सोडाच, आधी रक्ताच्या गुठळीची शंका घ्यायची. रात्री झोपू न देणारं दुखणं, कारण नसताना उतरलेलं वजन, हेही तसंच. हे सगळं प्रत्येकाला पाठ असतं. पण पाठवायचं म्हणजे फोन करायचा, आणि पलीकडं नावाजलेले सर्जन असतात. तेवीस वर्षांच्या मुलीनं त्यांना फोन करून दोन वाक्यांत काय सांगायचं, याचा सराव आपण कधी करून घेतला? उद्या दुपारच्या सत्रात तो मुद्दाम ठेवला आहे. आमच्या गावातले दोन सर्जन फोनच्या पलीकडं बसायला तयार झालेत, आणि नेहमीसारखंच घाईत बोलायचं त्यांनी कबूल केलं आहे.

घरी व्हिजिटला जाणाऱ्या मुलींचा विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी ढकलला गेला होता, तो मी वर आणवला. आपल्या व्यवसायात मुली जास्त आहेत आणि आपलं काम स्पर्शाचं आहे. कुठं हात लावणार, कशासाठी, हे आधी सांगून परवानगी घेणं पेशंटसाठी जितकं गरजेचं, तितकंच व्हिजिटला एकट्या गेलेल्या मुलीसाठी. घरात दुसरं कुणी नसेल तर परत फिरायचं, आणि तसं केलं म्हणून दवाखान्यानं तिचे पैसे कापायचे नाहीत. पैशांवरून आठवलं, फी मागायची लाज हाही आपला जुना आजार. ‘व्यायाम तर मीच केला, तुम्ही काय केलंत?’ असं पेशंट विचारतो, तेव्हा उत्तर यायला हवं.

2025 मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला. त्यात पदवीचा काळ पाच वर्षांचा आहे आणि इंटर्नशिप पूर्ण एक वर्षाची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नावापुढं ‘डॉक्टर’ लावायचं की नाही यावरून केंद्राचं एक पत्र निघालं आणि लगेच मागंही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप गटांवर जेवढी चर्चा झाली, तिचा दहावा हिस्सासुद्धा इंटर्नशिपच्या वाढीव सहा महिन्यांवर झाला नाही. उपाधीचा प्रश्न खोटा नाही, तो लढायचाच आहे. पण त्या वाढीव सहा महिन्यांत मुलांनी आणखी सहा महिने मशीनच लावायचं असेल, तर आई-वडिलांनी ती फी आणि खोलीभाडं कशासाठी भरायचं?

म्हणून गटचर्चेची रचना आम्ही बदलली आहे. प्रत्येक टेबलावर एक विभागप्रमुख, एक दवाखानेवाले आणि दोन इंटर्न बसतील. पहिली दहा मिनिटं फक्त इंटर्न बोलतील. आपल्या विभागात इंटर्नला किती पेशंट पूर्ण सोपवणार, त्यावर कोण नजर ठेवणार आणि विद्यावेतन किती देणार, हे प्रत्येक विभागप्रमुखांनी उद्या संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं आहे. कागद टेबलावर ठेवलेत, पेनंही.

तेव्हा मागच्या रांगांतल्या मंडळींनी आता पुढं यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत. उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करते.