नागमोडी रेघ आणि उघडी राहिलेली खूण



भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत काही शब्दांखाली नागमोडी रेघ आढळते. हा पाठ आम्ही घेतला आहे, पण त्याची पुरती खात्री नाही, असे ती वाचकाला सांगते. 1919 ते 1966 इतकी वर्षे चाललेल्या त्या कामात संपादकांनी आपली शंकासुद्धा छापून ठेवली. मार्कअप म्हणजे काय, असे कुणी नवखा विचारतो तेव्हा मी त्याला ती रेघ दाखवतो. आता त्या पानाचे नुसते टंकन करून पाहा. शब्द सगळे येतील, रेघ तेवढी जाईल, आणि शंकेचा पाठ निःशंक होऊन बसेल.

न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर कॉलेजात 1987 साली काही अभ्यासक जमले. त्यातून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह हा उपक्रम उभा राहिला. पाठभेद, लेखनिकाची चूक, संपादकाची दुरुस्ती, पुसट झालेले अक्षर, प्रत्येकासाठी त्यांनी वेगळी खूण ठरवली. त्यांच्या मार्गदर्शिकेचे एक संपादक मायकल स्पर्बर्ग-मॅक्वीन हे मध्ययुगीन जर्मन साहित्याचे अभ्यासक. फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएल ही खुणांची भाषा प्रसिद्ध झाली, तिच्या तीन संपादकांतही ते होते. 2024 मध्ये ते गेले. बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या माहितीची ने-आण ज्या भाषेत झाली, तिच्या घडणीत जुने ग्रंथ वाचणाऱ्या माणसाचा हात होता, याचा मला फार आधार वाटतो. साहित्याच्या माणसांनी हा विषय परका समजू नये.

एक्सएमएलचा स्वभाव कडक. उघडलेली खूण बंद केली नाही की ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, म्हणजे पार्सरने, तिथेच थांबायचे. ग्रंथाच्या संपादनात मला हा कडकपणा हवाच असतो. चूक आजच कळलेली बरी. पण तोच वेबवर आणू पाहणारी एक्सएचटीएमएल तिथे रुजली नाही. एक खूण उघडी राहिली की पानाऐवजी चुकीची सूचना पुढे येई. चूक लिहिणाऱ्याची आणि उपाशी वाचणारा!

2004 मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा इथल्या मंडळींनी वेगळी वाट धरली. बिघडलेली पाने ब्राउझर तेव्हाही सांभाळून घेत, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. या मंडळींनी चुकलेले पान नेमके कसे वाचायचे, याचे नियम पायरीपायरीने लिहून काढले. समजा, कुणी ठळक अक्षराची खूण उघडली, तिच्या पोटात तिरप्या अक्षराची उघडली, आणि आतली बंद न करता बाहेरची आधी बंद केली. अशा वेळी काय करायचे, त्या रीतीचे नाव ‘ॲडॉप्शन एजन्सी’, कारण तिच्यात घटकांना नवे पालक मिळतात. आज कुठल्याही ब्राउझरने ते पान सारखेच वाचावे अशी अपेक्षा करता येते. संगणकाच्या क्षेत्रात इतके चिवट आणि इतके वाचकाच्या बाजूचे काम मी फार थोडे पाहिले आहे.

जेसन ही माहिती लिहिण्याची आणखी एक रीत. तिच्याविषयी थोडक्यात. याद्या, नोंदी, हिशेब यांना ती सोयीची आहे, आणि 2017 च्या मानकाने तिची देवाणघेवाण युटीएफ-8 या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या रूपातच करायला सांगितल्यामुळे देवनागरीसाठी वेगळी सोय मागावी लागत नाही. पण वाक्याच्या मधल्याच एका शब्दावर खूण करायची असेल, तर ती अवघडते. गद्य तिच्यात कोंबू नये.

आता आपल्या घरचे. माझ्याकडे एका जुन्या दिवाळी अंकाच्या फायली आहेत. त्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. फाँट हरवला आणि आख्खी कथा रोमन अक्षरांचा गुंता होऊन पडली. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या युनिकोडमुळे ते संकट टळले, पण सगळे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी लिहिलेला सापडतो. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नॉर्मलायझेशनही ही दोन रूपे एक करत नाही. मग एखाद्या संग्रहात ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला निम्मे लेख दिसतच नाहीत, आणि ते दिसले नाहीत हेही त्याला कळत नाही.

तशीच भाषेची खूण. पानाच्या सुरुवातीला मराठीची ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तो ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतो, आणि पान मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला कोणता आवाज निवडायचा ते कळते. दृष्टिहीन वाचकाला आपली कविता हिंदीच्या आवाजात ऐकावी लागू नये, एवढी काळजी प्रत्येक संपादकाने घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या परिषदेकडे माझे मागणे एक आहे. चुकलेले, जुने, दुहेरी मराठी लेखन यंत्राने कसे वाचायचे, याचे नियम आपण लिहून खुले करू. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार मूळ मजकुरात जसेच्या तसे ठेवायचे आणि आजचे रूप शेजारी खुणेने नोंदवायचे. शोध दोन्हींतून लागला पाहिजे. संपादकाला शंका असेल तर तिलाही खूण हवी. मसुद्याचा पहिला नियम ‘ऱ्य’चा असावा. त्याची दोन्ही रूपे असलेली शंभर वाक्ये मी बरोबर आणली आहेत. दुपारच्या सत्रात ज्याने त्याने आपापला पार्सर त्यांच्यावर चालवून पाहावा.