बदलत्या ग्रंथाची सूची

छापलेल्या ग्रंथाच्या शेवटीं सूची असते, तिचा उपयोग वाचनाची आवड असलेल्या श्रोत्यांस ठाऊकच आहे. हवें तें नांव सूचींत पाहावें, पृष्ठांक घ्यावा आणि तें पान उघडावें, एवढ्यानें काम भागतें. ग्रंथ छापून झाला म्हणजे त्यांतील मजकूर जागचा हालत नाहीं. म्हणून सूचीहि त्या आवृत्तीपुरती कायमची खरी राहते. परंतु ज्या ग्रंथाचीं पानें दररोज बदलतात, त्याची सूची कशी ठेवावी? संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढें हा प्रश्न नित्य उभा असतो, आणि त्यांनीं तो ज्या रीतीनें सोडविला ती रीत इतरांनींहि समजून घेण्याजोगी आहे.

प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे त्याची मूळ संहिता, ही माणसानें लिहिलेली आज्ञांची मालिकाच होय. मोठ्या प्रोग्रॅममध्यें ती हजारों फायलींत विभागलेली असते. १९९१ सालीं सुरू झालेल्या लिनक्स कर्नलच्या ओळी तर आज कोटींनीं मोजाव्या लागतात. एका फायलींत एखाद्या फंक्शनचा, म्हणजे नांव दिलेल्या स्वतंत्र कृतीचा, नुसता उल्लेख येतो. त्याची व्याख्या मात्र दुसऱ्याच फायलींत असते, आणि ती पाहिल्यावांचून पुढें जाणें धोक्याचें ठरतें. ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकेंतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत केन आर्नल्ड यांनीं ‘सीटॅग्ज’ हें साधन तयार केलें. १९७९ सालच्या सुमारास तें तेथील युनिक्स प्रणालीबरोबर लोकांच्या हातीं आलें.

हें साधन सर्व फायली वाचून ‘टॅग्ज’ नांवाची सूची तयार करतें. तिच्या प्रत्येक ओळींत फंक्शनचें नांव, त्याची फाईल आणि त्या फायलींतील स्थान अशा तीन गोष्टी असतात. स्थान दाखविण्यासाठीं बहुधा ओळीचा क्रमांक न देतां व्याख्येची ओळच उतरून ठेवितात. वर चार ओळी नव्यानें आल्या तर क्रमांक चुकतो. ओळीचा मजकूर मात्र शोधल्यास सांपडतो. नोंदी वर्णानुक्रमानें लाविलेल्या असल्यामुळें एडिटर प्रत्येक वेळीं मधली नोंद पाहून अर्धा भाग वगळीत जातो, आणि १,००,००० नोंदींतून हवी ती नोंद सुमारें १७ तुलनांत हातीं येते. ब्राम मोलेनार यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हिम या एडिटरमध्यें नांवावर खूण नेऊन दोन कळा दाबल्या कीं व्याख्या समोर येते.

परंतु ही सोय सूची ताजी असेल तोंवरच. नवें फंक्शन लिहिलें आणि सूचींत त्याची नोंद नसली, तर एडिटर ‘सांपडलें नाहीं’ असें सांगतो. यांत फारसें नुकसान नाहीं. खरा अपाय निराळाच आहे. त्याच नांवाची दुसरी व्याख्या नव्या फायलींत आलेली असते आणि जुन्या सूचीस ती ठाऊक नसते. सूची जुन्या व्याख्येकडे नेते, वाचणारा तीच एकमेव समजून दुरुस्त करतो, आणि दोष दुसरीकडे जिवंत राहतो. अज्ञान कबूल करणारी सूची परवडते. चुकीचें असून ठामपणें सांगणारी परवडत नाहीं.

मग दररोज संध्याकाळीं सूची नव्यानें करावी, असा नियम कोणी घालील. पण असा नियम माणसाच्या स्मरणावर टिकत नाहीं. पेढीवर रोजकीर्दींतील रकमा वेळच्या वेळीं खतावणींत चढवाव्या लागतात. तें काम आठ दिवस राहिलें कीं खतावणींतील बाकी खोटी होते, आणि तिच्यावर विसंबून उधारी देणारा फसतो.

यावर उपाय असा कीं, ज्या कृतीनें सूची शिळी होते त्याच कृतीस ती ताजी करण्याचें काम जोडून द्यावें. फाईल जतन केल्याबरोबर अमुक आज्ञा आपोआप चालावी, असें व्हिमला एकदांच सांगून ठेवितां येतें. मात्र त्यांत कांहीं पथ्यें आहेत. एका ओळीच्या बदलासाठीं सर्व फायली पुन्हां वाचूं नयेत. बदललेल्या फायलीपुरत्याच नोंदी कराव्या. पण तिच्या जुन्या नोंदी आधीं काढल्या पाहिजेत. नुसती भर घालीत गेल्यास, मृताचें नांव मतदारयादींत राहावें, तशीं पुसून टाकलेल्या फंक्शनांचीं नांवें सूचींत राहतात. दुसरें, लिहिणाऱ्याचा हात थांबूं नये म्हणून हें काम पडद्याआड चालावें. २०१६ सालच्या व्हिमच्या आठव्या आवृत्तीनें ती सोय एडिटरमध्येंच दिली. तिसरें, नवी सूची तात्पुरत्या फायलींत पुरी लिहावी आणि मगच जुनीच्या जागीं ठेवावी, म्हणजे अर्धवट सूची कोणाच्या हातीं पडत नाहीं. एकाच वेळीं दोन कामें त्या सूचीस हात घालणार नाहींत, अशी आडकाठीहि असावी.

एवढ्यानेंहि सारें साधत नाहीं. सहकाऱ्यांचें लेखन गिटच्या द्वारें आलें किंवा संहितेची दुसरी शाखा घेतली, तर एडिटरमध्यें कांहींहि जतन न करतां शेंकडों फायली बदलतात. अशा वेळीं गिटलाच सांगून ठेवावें कीं, तें काम झालें म्हणजे संपूर्ण सूची नव्यानें करावी. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलेल्या भाषा-सर्व्हरच्या पद्धतींत एडिटर लिहितांनाच बदल कळवीत जातो. तथापि सीटॅग्जची साधी सूची अनेक भाषांना आणि हलक्या यंत्रांनाहि चालते, म्हणून ती मागें पडलेली नाहीं.

अखेरीस एक सावधगिरी. आपोआप चालणारें काम आपोआप बंदहि पडतें, आणि तें बंद पडल्याचें कोणी सांगत नाहीं. म्हणून सूचीचा दिनांक अधूनमधून पाहावा, आणि कधीं कधीं ती मुळापासून नव्यानें करावी. घरांतील पुस्तकांच्या यादीस किंवा विमापत्रांच्या वहीसहि हाच न्याय लागू आहे. वस्तु कपाटांत ठेवतांना किंवा बाहेर काढतांनाच नोंद झाली तर यादी खरी राहते. सवडीनें करूं म्हटलें कीं ती सवड बहुधा येत नाहीं.