दोनदा फुंकलेली निवळी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘खोल समुद्रातलं जीवन’ असा विषय दिला आहे, आणि जेवण साडेबाराला आहे अशी सूचनाही दिली आहे. तेव्हा तळाशी जाऊन मला वेळेत वर यायचं आहे. पण सुरुवात करतो ती आपल्या नववी ‘ब’च्या प्रयोगशाळेपासून. मी पुढे तीस वर्षं जे काम केलं, ते त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि मी ते वहीत लिहिलं नव्हतं.

साल १९८२. प्रयोग होता चुन्याच्या निवळीत फुंकर मारण्याचा. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, एवढं सिद्ध करायचं होतं. चुना आणला होता माझ्या बाकावरच्या मित्राने. त्याच्या घरची चुनेभट्टी होती, खाडीतल्या शिंपल्या भाजायची. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मी काय सांगणार हे त्याला ठाऊक नाही.

आम्ही दोघांनी फुंकलं, निवळी दुधासारखी झाली. तिथे थांबायला हवं होतं. पण कोण जास्त वेळ फुंकतो अशी पैज लागली आणि आम्ही आळीपाळीने फुंकतच राहिलो. थोड्या वेळाने ते दूध पातळ झालं, मग नाहीसं झालं. परीक्षानळीत पुन्हा स्वच्छ पाणी! मी घाबरलो, प्रयोग बिघडला म्हणून. वहीत लिहिलं, ‘द्रावण दुधाळ झाले.’ दहापैकी दहा. मित्राने लिहिलं, ‘द्रावण दुधाळ झाले व नंतर पुन्हा स्वच्छ झाले.’ सरांनी त्यावर लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि ‘लक्ष कुठे होतं?’ असं सर्वांसमोर विचारलं. मी शेजारीच उभा होतो. ‘सर, मीही पाहिलं,’ एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

आता समुद्राकडे जाऊ.

नोकरी लागली ती गोव्यात, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. काम रसायनशास्त्राचं, म्हणजे बहुतेक वेळ बाटल्या धुणे. नव्वदच्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून मध्य हिंदी महासागरात गेलो. तिथे पाच हजार मीटर खोलीवर मँगनीज, निकेल, तांबं असलेले बटाट्याएवढे गोळे तळावर पडलेले असतात, त्यांचं सर्वेक्षण चालू होतं. तारेला बांधलेली पोलादी पेटी खाली जायला दीड तास, वर यायला तेवढाच. गंमत म्हणून आम्ही तारेला थर्मोकोलचा कप बांधायचो. हा बघा, अंगठ्याला टोपण म्हणून बसतो. खाली पाचशे वातावरणांचा दाब असतो, पाणी जेमतेम दीड अंश सेल्सियस, आणि मिट्ट काळोख.

पेटीतला चिखल तपकिरी, लोण्यासारखा मऊ. माझं पहिलं काम अगदी शाळकरी होतं: त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर फसफसतं. फसफसलं नाही. दुसऱ्या ठिकाणचा चिखल, तोही गप्प. मग परतीच्या वाटेवर पाण्याखालच्या एका डोंगरावरून, तीन हजार मीटरच्या आतबाहेरून, नमुना आला. तो फिकट, जवळजवळ पांढरा. थेंब पडताच सोड्यासारखा उसळला.

वरचं पाणी दोन्हीकडे सारखंच. त्यात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात, साबुदाण्यापेक्षा कितीतरी लहान, पण चुन्याचं घर बांधून राहणारे. मेले की घरं खाली पडतात. डोंगरमाथ्यावर ती साठतात, खोल दरीत दिसत नाहीत. बर्फाच्छादित पर्वतासारखं आहे हे, माथे पांढरे आणि दऱ्या उघड्या. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभर फिरलं, तेव्हा त्यावरच्या जॉन मरे यांना हे लक्षात आलं होतं: चार-पाच हजार मीटरखाली चुन्याची कवचं टिकत नाहीत.

का टिकत नाहीत? मी जहाजाच्या कठड्याला टेकून उभा होतो आणि मला एकदम आपली परीक्षानळी दिसली. खाली कोणीतरी फुंकत होतं!

खरंच फुंकत असतं. सूर्यप्रकाशातल्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती कार्बन घेऊन वाढतात. त्या, त्यांना खाणारे, त्यांची विष्ठा, हे सगळं भुरभुरत खाली जातं. त्यातलं शेकडा नव्वदहून अधिक वाटेतच संपतं, खोल तळाला पोचतो तो शंभरातला एखादा हिस्सा. त्या उष्ट्यावर खालची सृष्टी जगते. समुद्रकाकड्या चिखल गिळत सावकाश सरकतात, कृमी, जिवाणू. ते खातात आणि श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो. हिंदी महासागराच्या तळाचं पाणी पृष्ठभाग सोडून शेकडो वर्षं झालेलं असतं, त्या साऱ्या काळातला श्वास त्यात साचलेला. भरीला थंडी आणि दाब, दोन्ही चुना विरघळायला मदत करतात. न विरघळणारं कार्बोनेट विरघळणारं बायकार्बोनेट होतं. आपल्या नळीत झालं तेच. उरतात ती फक्त काही जीवांची सिलिकाची, म्हणजे काचेच्या जातीची, कवचं.

या जीवांचा श्वास मला प्रत्यक्ष कामातही नडायचा. पाणी बाटलीत भरलं तरी त्यातले जिवाणू श्वास घेतच राहतात आणि आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक बाटलीत मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब घालून त्यांना मारावं लागतं. मला ते कधी आवडलं नाही.

हा कार्बनसाठा केवढा? समुद्रात हवेतल्यापेक्षा चाळीसपटीहून अधिक कार्बन आहे. आपण धुराड्यांतून सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो. पेपरात ‘समुद्र आम्ल झाला’ असं छापतात ते बरोबर नाही, तो अजूनही अल्कधर्मीच आहे. पण पृष्ठभागाचा पीएच औद्योगिक क्रांतीनंतर साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. फरक दिसायला किरकोळ, पण पीएचची मोजपट्टीच अशी आहे की हायड्रोजन आयन जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले. आता वरूनही फुंकणं चालू आहे, आणि चुन्याची घरं बांधणाऱ्यांना तो चुना मिळवणं अवघड होत चाललंय. तळावरचा चुना विरघळून हे पुन्हा सावरेल, पण त्याला हजारो वर्षं लागतात.

आता राहिले ते दोन गुण.

काल सरांना फोन केला. म्हटलं, हे सर्वांसमोर सांगू का? सर सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, आवाज अजून तसाच. म्हणाले, “सांग बिनधास्त. पुस्तकात ‘दुधाळ’ एवढंच होतं, मीही पुढे फुंकून बघितलं नव्हतं.” थोडं थांबून म्हणाले, “पण तू का गप्प बसलास?” याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. आताही नाही.

मित्रा, तू दहावीनंतर भट्टीवर बसलास, मी विज्ञानाला गेलो. दोन गुणांमुळे असं झालं नाही, हे मला कळतं. तरी त्या चिखलावर पहिला थेंब टाकला तेव्हा बाजूला तू असायला हवा होतास.

भट्टी बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण ‘भाषणानंतर लागेल’ असं सांगितल्यावर याने कुठून तरी कळीचा चुना मिळवला आणि आज सकाळी निवळी करून प्रयोगशाळेत ठेवली आहे. सर तिथे बसणार आहेत, त्या जुन्या वहीच्या पानाची झेरॉक्स आणि लाल पेन घेऊन. जेवणाआधी या. नळ्या मी आणल्या आहेत. फुंकायच्या, ओढायच्या नाहीत. दूध दिसल्यावरही पाचेक मिनिटं धीर धरा. नळ्या कागदी आहेत, तोवर भिजून मऊ पडतील, म्हणून प्रत्येकाला दोन दोन देतो.