आईचा आवाज, आईच्याच पट्टीत



मागच्या हिवाळ्यात आई साल्मियाला आली होती, तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या. ती परत गेल्यावर ऐकतो तर काय, आवाज कुणा लहान मुलीचा! चूक माझीच. ऑडिओ इंटरफेस ४४,१०० हर्ट्झवर, आणि सॉफ्टवेअर ४८,००० धरून चाललेले. त्यामुळे गाणे जवळजवळ नऊ टक्के जलद, आणि पेटीच्या सुमारे दीड पट्ट्या वर. रूपांतर न करता फाइलवरचा आकडा ४४,१०० केला, आणि आई परत भेटली.

म्हणून सांगतो, सुरुवातीलाच तीन गोष्टी बघा. इनपुटला लॅपटॉपचा माईक नको, इंटरफेस निवडा. माईक ज्या नंबरला लावलाय तोच चॅनल घ्या. आउटपुटही इंटरफेसच, आणि हेडफोन लावून ऐका. सॅम्पल रेट दोन्हीकडे एकच ठेवा: नुसत्या गाण्याला ४४,१००, व्हिडिओसाठी ४८,०००. आणि हो, तेवढा वेळ एसी बंद!

मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका. मी नेमके तेच केले नव्हते.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. आपण निदान आपल्या घरातल्या तरी जपूया. आजी इथे आहे तोवरच!

शुभ दीपावली!