मुलांच्या गावाचा नकाशा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेलं भाषण)



मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन इथं इंदुरात सरकारी नोकरी करतो. रोजचा संबंध पुस्तकांशी आणि ती वाचायला येणाऱ्या मुलांशी. म्हणून आज बोलणार आहे तेही वह्यापुस्तकांत रमलेल्या मुलांबद्दल.

इंग्लंडात यॉर्कशायर भागात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथले पाद्री ब्राँटे यांना सहा मुलं. १८२१ साली मुलांची आई गेली. १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली वसतिगृहाच्या शाळेतून क्षय घेऊन घरी आल्या आणि दीड महिन्याच्या आत एकीपाठोपाठ एक गेल्या. उरली शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. त्यांतली मोठी शार्लट तेव्हा अवघी नऊ वर्षांची.

१८२६ च्या जूनमध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपाई आणले. प्रत्येकानं एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि बघता बघता एक देश उभा राहिला. त्याची शहरं, सरदार, लढाया, मासिकंसुद्धा! काडेपेटीएवढ्या वह्यांत, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत मुलं हे सगळं लिहून ठेवत. त्या खेळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लढाईत शिपाई मेला, तर ही मुलं अरबी कथांतल्या जिनांसारखी येऊन त्याला पुन्हा जिवंत करत. ज्या घरातून चार वर्षांत तिघीजणी गेल्या, त्या घरातल्या मुलांच्या देशात मेलेलं माणूस परत येत होतं.

आमच्याकडे एक मुलगा शाळा सुटल्यावर येऊन बसायचा. वहीत त्यानं एका गावाचा नकाशा काढला होता. नदी, पूल, किल्ला, सगळं होतं. खाली गावाचे नियम लिहिले होते. त्यांतला पहिला नियम : रात्री कुणीही मोठ्यानं बोलायचं नाही. त्याच्या घरी काय चाललं असेल, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

आपण अशा मुलाला म्हणतो, “हा तंद्रीतच असतो, थापा मारतो.” वही ओढून घेतो, चारचौघांत हसतो. पण जे घरात मिळत नाही, ते मूल तिथं बांधत असतं. त्याचा नकाशा फाडू नका, वाचा. विचारायचंच असेल तर “तुझ्या गावात आज काय झालं?” एवढंच विचारा. आणि दुरुस्ती करायची ती आपल्या घरात करा.

हा आसरा प्रत्येक वेळी पुरतो असंही नाही. शार्लटची ‘जेन आयर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्या १८४७ साली आल्या. ब्रॅनवेल मात्र दारू आणि अफूच्या आहारी गेला आणि १८४८ मध्ये, एकतिसाव्या वर्षी वारला. खेळ तर चौघांचा एकच होता. म्हणून खेळाला दोष देता येत नाही, तसंच सगळं खेळावर सोपवून मोठ्यांना मोकळंही होता येत नाही. मुलाचं जेवण-झोप बिघडली, शाळा-मित्र सुटले, ते स्वतःला इजा करू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. घरात दिसतील असे लिहून ठेवा.

सणासुदीला घर माणसांनी भरतं आणि भावाभावांचे जुने हिशेबही याच दिवसांत निघतात. आवाज चढले की एखादं पोर हळूच मखरामागे जाऊन बसतं आणि स्वतःशीच पुटपुटू लागतं. त्याला तिथून ओढून काढू नका. आधी आपला आवाज खाली आणा. मग ते आपणहून बाहेर येण्याची शक्यता पुष्कळ असते.

गणपती बाप्पा मोरया!