समोरून मोकळा कुत्रा धावत येतो तेव्हा

सकाळी पुण्यातल्या एखाद्या टेकडीवर आपला कुत्रा पट्ट्याने फिरवत असताना दुसरा मोकळा कुत्रा सुसाट येतो. मागून मालकाची हाक, "काही करत नाही हो तो!" करत नसेलही. पण आपला बांधलेला आहे, त्याला बाजूला पळता येत नाही, हे कोणी लक्षात घ्यायचं?

अशा वेळी हात आपोआप पट्टा खेचतो. नेमकं तेच टाळा. ताणामुळे आपल्या कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटू शकतं. पट्टा आखूड पण सैल धरून वळसा घेत बाजूला व्हा. मध्ये एखादी उभी मोटार आली तर उत्तम, नजरानजर तुटते. खिशात कुत्र्याचा खाऊ असेल तर मूठभर त्या पाहुण्याच्या पुढ्यात भिरकावा. पळू नका, पळणाऱ्याचा पाठलाग त्याच्या रक्तातच असतो.

अंग सैल सोडून, वाकडातिकडा येणारा बहुधा खेळायलाच येतो. सरळ रेषेत, नजर रोखून, अंग ताठ करून येणाऱ्यापासून सावध राहा.

जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. तुम्हाला चावा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. चावा तुमच्या कुत्र्याला बसला असेल, तर त्याची लस झालेली असली तरी पशुवैद्यांना दाखवा.