मुलें वाढतात कोठें?

(गांवच्या शाळेंत भरलेल्या पालकसभेंतील एका शिक्षकाचें भाषण)



दसरा तोंडावर आला. मुकादमांच्या उचली घरोघर पोंचल्या, कोयत्यांना धार लागूं लागली. अशा वेळीं ही सभा भरविली ती हारतुऱ्यांकरितां नव्हे. आम्ही मराठी अध्यापक विद्यालयांतून शिकून आलेले खेड्यांतले मास्तर. आम्हांस वक्तृत्व येत नाहीं. वीस वर्षें तुमचीं मुलें पाहिलीं, तेवढ्यापुरतें बोलूं.

शहरांतल्या मास्तरांपुढें मूल रोज तीळतीळ वाढतें, म्हणून तें वाढल्याचें कळतहि नाहीं. आमच्या बीडकडच्या मुलुखांत तसें नाहीं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिमेकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीस जातात, त्या चैत्राकडे परततात. सहावींतून गेलेला मुलगा येतो तों सदरा आंखूड, आवाज घोगरा, तळहाताला घट्टे. मधली वाढ आम्हीं पाहिलीच नाहीं. ती कोपीवर झाली. हा मुलगा मंद आहे असें कोणी म्हणूं नये. खेपेला किती टन भरले, बापाची उचल किती फिटली, हें तो तोंडीं सांगतो. भागाकार मांड म्हटलें कीं मात्र पाटीकडे पाहत बसतो. कारण वर्गांत भागाकार चालला त्या महिन्यांत तो वाढें बांधीत होता.

मुलींचें तर याहून निराळें. सातवीपर्यंत हजेरीवर नांव असतें. पुढल्या चैत्रांत टोळी परतते, पोर परतत नाहीं. विचारावें तों कळतें, लग्न झालें. नवराबायको मिळून एक कोयता, जोडीला उचल मिळते. आणि वयांत आलेली पोर कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईची भीति. ती भीति खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. कोपीला दार नसतें हें आम्हांस ठाऊक आहे. पण लग्नानें भीति जात नाहीं, पोरीच्या डोक्यावर मोळी तेवढी चढते. २००६ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय अठरा आहे, हेंहि येथें बसलेल्या प्रत्येकास माहीत आहे.

मागें एकदां बाविशीची बाई पोराचें नांव घालावयास आली. आमच्याच हाताखालची. सातवींत तिच्यासारखें वाचन वर्गांत कोणाचें नव्हतें. अर्जावर तिनें सही केली. अंगानें ती थोराड झाली होती, अक्षर मात्र सातवींतलें तसेंच गोल, मुलीचें राहिलें होतें. त्यानंतर हातांत लेखणी धरण्याची वेळच तिच्यावर आली नव्हती. आम्हीं पोराची जन्मतारीख लिहून घेतली. दुसरें काय बोलणार?

महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत तें सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला. २०१० च्या एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास तो हक्क कायद्यानें मिळाला. पण कायदा कांहीं टोळीच्या ट्रकांत बसून फडावर जात नाहीं! तो गांवींच राहतो. तेव्हां मूलहि गांवीं राहिलें पाहिजे.

हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. मूल आजीजवळ किंवा नातलगाजवळ राहतें, जेवणाची सोय योजनेंतून होते. तुम्ही मुलगे ठेवतां आणि मुलींस नेतां; भाकरी कोण थापील, धाकट्यास कोण सांभाळील, म्हणतां. शाळेच्या वयाचा धाकटाहि ठेवा. सातवी झालेल्या मुलींस पुढल्या शाळेकरितां एस. टी. चा पास फुकट मिळतो. त्याचे अर्ज आम्ही भरून देऊं, तुम्हांस तालुक्यास हेलपाटा नको. अन्न वेळेवर आलें नाहीं, पोरीला कोणी वाटेंत त्रास दिला, तर रात्रींबेरात्रीं आमच्या दाराशीं या.

यादी बाहेर ओट्यावर ठेविली आहे. मुकादमाची गाडी लागण्याच्या आंत मुलीचें नांव व जी आजी सांभाळणार तिचें नांव लिहवून जा. आजीनें अंगठा केला तरी चालेल. मुलीनें मात्र आपली सही स्वतः करावी.